डावा कौल: विजयदुर्गाच्या पार्श्वभूमीवरच्या एका ट्रॅकचा प्रकरण अभ्यास

सोमवार ते शनिवार, रोज अर्धा तास चालणारी एक ऐतिहासिक मालिका. काळ १७३५, ठिकाण विजयदुर्ग आणि वाघोटण खाडीच्या काठचे एक काल्पनिक गाव. दोन आठवड्यांचा, म्हणजे बारा भागांचा ट्रॅक (मालिकेच्या कथानकाचा एक टप्पा) लिहायचा आहे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे आणि पात्रे काल्पनिक आहेत. त्यांच्या मागचा इतिहास, भूगोल, चालीरीती आणि कायदे मात्र खरे आहेत. अडचणीही अशा ट्रॅकमध्ये हमखास येतात त्याच घेतल्या आहेत.

सगुणा ही एका खलाशाची बायको. नवरा सोमा १७३३ च्या जंजिरा मोहिमेत दर्यात गेला, देह मिळाला नाही. मागे राहिला त्याचा मचवा, एक लहान होडी आणि जाळी. सोमाचा धाकटा भाऊ धाकोजी किल्ल्यावर गोलंदाज आहे. भावाच्या मागे सगुणेशी पाट (विधवेचा पुनर्विवाह) आपणच लावायचा, असे तो धरून चालला आहे. त्याचा डोळा मचव्यावर आहे, पण त्याचे मनही तिच्यात आहे. तिसरा रायाजी, कुलाब्याकडून आलेला तरुण तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. सगुणा आणि रायाजी यांचे जमते, धाकोजीला ते सलते आणि सोमा खरेच मेला का, हे विचारायला गाव देवाला कौल लावते.

पहिल्या आराखड्यात हा ट्रॅक असा होता: चौथ्या भागात विजा कडाडतात, देवाचा डावा, म्हणजे नकाराचा, कौल पडतो. सहाव्यात अमावास्येला खाडीवर निळा गोळा तरंगतो, सोमाचा गिरा (बुडून मेलेल्याचे भूत) सगुणेला हाक मारतो. आठव्यात भगत तिला मिरचीची धुरी देतो आणि तिच्या तोंडून सोमा बोलतो. दहाव्यात पाटाचा मोठा सोहळा मांडलेला असताना दारात जिवंत सोमा उभा राहतो. बाराव्यात रायाजी दर्यावर निघून जातो.

वाचताना हे खेळते, यात शंका नाही. रोजच्या मालिकेला लागणारे हूक, म्हणजे पुढचा भाग बघायला लावणाऱ्या जागा, यात भरपूर आहेत. पण आराखड्याचा कणा मोडका आहे. सोमा जिवंत परतला की डावा कौल खरा ठरतो. कौल खरा, म्हणून गिरा खरा, भगतही खरा. माणसांच्या प्रेमाला आणि वैराला मग काही अर्थच उरत नाही, कारण सगळे आधीच देवाला ठाऊक होते. लेखकांनी मनात अंधश्रद्धेचा प्रचार आणला नसेल, तरी गोष्टीची रचनाच तो करून बसते. दुरुस्तीची सुरुवात म्हणून संवादांपासून नव्हे, सोमाच्या परतण्यापासून करावी लागते.

आधी काळ नीट बसवणे

१७३५ हे साल उगाच घेतलेले नाही. कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांच्यामागे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झालेला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये गेला आणि संभाजी व मानाजी या त्याच्या भावांत तेढ पडली. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली. मानाजीकडे कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजीकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू आणि सरखेलपद. काल एका निशाणाखाली लढलेले खलाशी आज दोन आरमारांत विभागले गेले.

या एका गोष्टीने ट्रॅकमधले वैर जिवंत होते. रायाजी कुलाब्याचा आहे, म्हणजे धाकोजीच्या दृष्टीने तो मानाजीचा माणूस, हेर. संशयाला आधार आहे, म्हणून धाकोजी निव्वळ खलनायक राहत नाही. शिवाय १७३३ मध्ये आरमार अजून एकच होते. सोमा बुडाला तेव्हा रायाजी शेजारच्या गलबतावर असू शकतो, त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असू शकते. दुरुस्त आराखड्याचे सगळे वजन या जागी आहे. ज्या प्रश्नासाठी गाव देवाला कौल लावते, त्याचे उत्तर गावातल्याच एका माणसाकडे आहे.

मग तो बोलत का नाही? कारण साधे हवे आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागातच प्रेक्षकाला कळायला हवे. तो बोलला तर गाव म्हणेल, पाट लावायला मोकळीक हवी म्हणून भावाला मेला म्हणतो. आणि त्याच्या गलबताला मागे वळता आले नव्हते, याचा सल त्याच्या मनात आहे. एवढ्यावर सात-आठ भागांचे मौन टिकते. रहस्य याहून जास्त ताणले तर प्रेक्षक चिडतो, ते बरोबरच आहे.

सगुणा विधवा आहे का?

हा प्रश्न आराखड्यात कुणी विचारलेलाच नव्हता. देह मिळाला नाही, तेव्हा सोमा मेला असे धरायचे कशावरून? धर्मशास्त्रात बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहण्याची मुदत सांगितली आहे, पण मृत्यूची खात्री पटली तर देहाशिवायही अंत्यविधी होतो. त्याला पालाशविधी म्हणतात. पळसाच्या ३६० देठांची माणसाच्या आकाराची प्रतिमा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तिला अग्नी देतात.

धाकोजीच्या हातात त्यामुळे एक खरे हत्यार येते: ‘भाऊ मेला याला साक्ष कोण? बारा वर्षे थांब.’ पण स्वतः पाट लावायचा म्हटले की हेच शास्त्र त्याला आडवे येते. या कोंडीत सापडलेला माणूस कौलाकडे वळतो, कारण कौल हवा तसा वाकवता येईल असे त्याला वाटते. सगुणेची बाजूही भक्कम आहे. दर्यावर्दी जातींत विधवेच्या पाटाची चाल होती, त्यामुळे ती काही अघटित मागत नाही. मासळी खारवून, सुकवून विकणारी, जाळी सांधणारी ही बाई कुणाच्या दारात बसून खात नाही.

प्रेमाचे प्रसंग याच कामातून काढायचे. किनाऱ्यावर चोरून भेटी, वाऱ्यावर उडणारा पदर, हे त्या गावात दोन दिवस टिकणार नाही. मचव्याची डागडुजी मात्र टिकते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेलाचा लेप द्यायचा, लाकडाला माशाचे तेल चोपडायचे. हे काम दिवसाढवळ्या, गावादेखत आणि बरेच दिवस चालते. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून शाकारलेले असतात आणि नारळी पुनवेनंतर दर्या खुला होतो, म्हणून पहिले तीन भाग श्रावणात बसतात. दोघे एकाच फळीच्या दोन बाजूंना बसून काम करतात, बोलणे फळीआडून होते. दिग्दर्शकाला एवढे पुरे आहे. याच कामामुळे सगुणेला तेलाची पारख आहे, हेही नकळत मनात ठसते. पुढे ते कामाला येणार आहे.

कौलाचा प्रसंग

ट्रॅकमधली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची जागा ही आहे. तिला चौथा आणि पाचवा असे पूर्ण दोन भाग द्यावेत.

दक्षिण कोकणात गावकीचे मानकरी देवळात जमतात. गाऱ्हाणे घालणारा ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो आणि प्रत्येक मागणीला मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. गुरव देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, अशी ढोबळ रीत. तपशील गावागणिक बदलतो, म्हणून खऱ्या गावाचे आणि खऱ्या देवस्थानाचे नाव घेऊ नये, खऱ्या देवळात हा प्रसंग चित्रितही करू नये. गिर्ये, विजयदुर्ग परिसरातली देवस्थाने जागृत मानली जातात. तिथल्या माणसांचा विश्वास हा कुणाच्या कथानकातला मालमसाला नाही.

पाकळी मूर्तीला धरून राहते ती पाण्याच्या पातळ थरामुळे. पाणी ओघळले किंवा सुकले की पकड सुटते. पाकळीचे वजन, पाण्याचे प्रमाण, दगडाचा उतार आणि खरखरीतपणा यांवर वेळ ठरते. खांद्याचा एक भाग तेलकट असेल तर पाणी तिथे पसरत नाही, थेंबाथेंबांनी गोळा होते, आणि पाकळी लवकर घसरते. दुरुस्त आराखड्यात धाकोजी आदल्या संध्याकाळी देवाला खोबरेल वाहतो. मूर्तीला हात लावायचा मान गुरवाचा, म्हणून तो गुरवाच्या पोराला म्हणतो, ‘डाव्या खांद्यार जरा जास्त घाल, भावाच्या नावान.’ पोर भोळेपणाने घालते. गुरवाला लबाड दाखवण्याची गरज नाही. तसे दाखवणे अन्यायाचेही ठरेल आणि गोष्टही स्वस्त होईल.

तेलाचा शॉट आधी दाखवायचा की नंतर उघड करायचा, यावर लेखकांच्या खोलीत हमखास वाद होतो. नंतर उघड करण्यात धक्का आहे. पण मध्ये चार-पाच भाग आणि एक रविवार जातो. तेवढ्या काळात प्रेक्षकाने चमत्कार पाहिलेला असतो, आणि कौलाचा तीस सेकंदांचा तुकडा उलगड्याशिवाय फोनोफोनी फिरलेला असतो. आधी दाखवला तर धक्का जातो, धास्ती मात्र येते. तेल घातलेले आपल्याला ठाऊक, सगुणेला नाही, आणि ती श्रद्धेने हात जोडून उभी आहे. आधीच दाखवावा. रोजच्या मालिकेत धास्ती धक्क्यापेक्षा जास्त दिवस पुरते.

चित्रीकरणात चुका कुठे होतात ते आता पाहू. सगळ्यात मोठी चूक बाजूंची. उजवी-डावी ही देवाची. समोरच्या कॅमेऱ्याला देवाचा डावा खांदा पडद्यावर उजवीकडे दिसतो. ‘डावा कौल’ असा घोष होतो आणि प्रेक्षकाला उजवीकडची पाकळी पडताना दिसते, म्हणजे सगळा प्रसंग गेला. उपाय दोन आहेत. पाकळ्या लावताना गुरवाने ‘देवाचो उजवो, देवाचो डावो’ असे बोलत लावायचे, किंवा एक शॉट मूर्तीच्या मागून घ्यायचा, म्हणजे दिशा एकदाच पक्की होते.

मूर्ती फायबरची असेल तर तिच्या रंगावर पाणी धरत नाही आणि दोन्ही पाकळ्या लावताच खाली येतात. शेवटच्या हातात बारीक दगडी भुकटी मिसळून पृष्ठभाग खरखरीत करावा, किंवा खांद्यापुरता खराच पाषाण घ्यावा. जास्वंदीची पाकळी रुंद असल्यामुळे चांगली धरते आणि लांबूनही दिसते. तगरीची हलकी, ती पंख्याच्या वाऱ्यानेही उडते. हॅलोजनचे तापणारे दिवे जवळ असतील तर पाकळ्या संवाद संपायच्या आत सुकतात, म्हणून गाभाऱ्यात समई आणि मऊ एलईडी एवढेच ठेवावे. पाकळी हवी तेव्हा पाडायची तर मागे बारीक नायलॉनचा धागा लावून ओढावी. निदान वीस-पंचवीस सारख्या आकाराच्या पाकळ्या ओल्या फडक्यात बाजूला ठेवाव्यात, नाहीतर दुसऱ्या टेकला कंटिन्युइटी (शॉटमधले सातत्य) बिघडते.

पाकळी पडतानाच्या क्षणी कोणताही आवाज नको. मेघगर्जना नको, घंटा नको, तीन दिशांनी तीनदा झूमही नको. देवाने केले की निसर्गाने, याचा निवाडा संवादांपेक्षा पार्श्वसंगीत जास्त जोरात देते. पाकळी निमूट पडू द्यावी आणि कॅमेरा ताबडतोब माणसांवर न्यावा. धाकोजी सुटल्यासारखा श्वास सोडतो, गुरवाचे पोर गोंधळते, सगुणा पाकळीकडे बघत राहते. प्रत्यक्षात कौलाला कधी बराच वेळ लागतो, लोक ताटकळतात. त्या ताटकळण्याला सहा-सात मिनिटे द्यायला घाबरू नये. साधारण २१-२२ मिनिटांच्या भागात हा वाटा मोठा आहे, पण इतका भरलेला प्रसंग दुसरा नाही.

उलगडा नवव्या भागात. दुसऱ्यांदा कौल लावतात, पाकळी खालच्या ताम्हणातल्या पाण्यात पडते आणि पाण्यावर तेलाचे तवंग उमटतात. मचव्याच्या कामात सगुणेने हे शेकडो वेळा पाहिले आहे. ती भर सभेत विचारते, ‘कौल देवाचो, पण ह्या तेल कोणाचा?’ तिचा राग देवावर नाही, तिने देवाची बाजूच घेतली आहे. या वाक्यामुळे श्रद्धाळू प्रेक्षक तिच्यापासून तुटत नाही. हा उलगडा एखाद्या शहाण्या पाहुण्याच्या तोंडी घातला असता तर तो उपदेश झाला असता.

गिरा आणि निळे पाणी

बुडून मेलेल्याचा गिरा होतो, तो रात्री खाडीत हाक मारतो आणि माणसाला पाण्यात नेतो, ही समजूत या किनाऱ्यावर खोल रुजलेली आहे. पहिल्या आराखड्यातला हवेत तरंगणारा निळा गोळा काढून टाकायचा, कारण कोकणच्या पाण्यात खरा निळा उजेड आहे आणि तो कितीतरी सुंदर आहे. थंडीच्या दिवसांत नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव वाढतात आणि पाणी ढवळले की चमकतात. स्थिर पाणी काळेच राहते. मासा सळसळला, लाट फुटली, वल्हे पडले की तेवढ्यापुरता उजेड होतो आणि लगेच मावळतो.

यातून प्रसंग जवळजवळ आपोआप तयार होतो. धाकोजी दोघांना घाबरवायला अंधारात होडी घालतो. काठावरच्या लोकांना फक्त निळे डाग पुढे सरकताना दिसतात आणि गिऱ्याची बोंब उठते. सगुणा मात्र बघत थांबते. डाग सारख्या अंतराने उमटतात, जोडीने उमटतात, म्हणजे ती वल्ही आहेत. आणि दर जोडीतला एक डाग लहान आहे. सोमाच्या होडीच्या एका वल्ह्याचे पाते तुटके होते, ते तिनेच तिसऱ्या भागात बाजूला ठेवलेले आपण पाहिलेले असते. गिरा कोण, हे तिला तिथेच कळते. ती लगेच बोलत नाही, कारण दिराला भर गावात उघडे पाडण्याची तिची अजून तयारी नाही. भीतीच्या प्रसंगाच्या पोटातून असा नात्याचा प्रसंग निघाला की ट्रॅक बारा भाग पेलतो.

तिथी चुकली तर मात्र हे सगळे कोसळते. भरतीची वेळ काढण्याचा दर्यावर्दी लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अमावास्या किंवा पुनव म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री साधारण सव्वाअकराला भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. मध्यरात्रीचा प्रसंग अष्टमीला ठेवला तर खाडीच्या फाट्यात चिखल असेल आणि धाकोजीची होडी रुतून बसेल. अमावास्येला अंधार, भरलेली खाडी आणि उठून दिसणारी चमक या तिन्ही गोष्टी जुळतात. म्हणून कार्तिकातली किंवा मार्गशीर्षातली अमावास्या धरावी. अमावास्येच्या प्रसंगात चंद्र दाखवणे ही इतकी ढोबळ चूक आहे की ती होणार नाही असे वाटते, आणि स्टॉक फुटेजच्या आभाळातून ती नेमकी शिरते.

खऱ्या चमकत्या पाण्यावर चित्रीकरणाचे वेळापत्रक बांधू नये. चमक कधी येईल, किती येईल, सांगता येत नाही, आणि हलत्या पात्रांसह ती कॅमेऱ्यात पुरेशी उतरत नाही. सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत अंडरएक्स्पोज करून, म्हणजे चित्र मुद्दाम काळोखे ठेवून, होडीचे शॉट घ्यावेत आणि चमक नंतर संगणकावर, व्हीएफएक्सने घालावी. वल्ह्याला एलईडीची पट्टी बांधण्याचा सोपा मार्ग टाळावा. तिचा उजेड सतत राहतो आणि पाण्याबाहेरही दिसतो, त्यामुळे सगळा तर्कच मोडतो. भरती पुरी झाल्यावर पाणी थोडा वेळ थांबते, तेव्हा होडी एका जागी धरता येते. म्हणून भरतीची वेळ आणि सूर्यास्त जवळ येणाऱ्या तिथी आधीच काढाव्यात. वरच्याच हिशोबाने त्या अष्टमीच्या आसपास मिळतात. गोष्टीतली तिथी अमावास्या, चित्रीकरणाची अष्टमी, हे कॉलशीटवर (दिवसाच्या चित्रीकरणाच्या सूचनापत्रावर) स्पष्ट लिहावे. होडीत स्थानिक तांडेल हवा, पोशाखाच्या आत लाइफ जॅकेट हवे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि दर्याही खवळलेला असतो, त्या काळात पाण्यावरचे काहीच ठेवू नये.

धुरीचा प्रसंग आणि कायदा

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, हे त्याच्या अनुसूचीतच येते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधल्या नियम ६ नुसार अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवता येत नाही. प्रेक्षकांच्या तक्रारी वाहिन्यांच्या स्वनियमन परिषदेकडेही जातात.

याचा अर्थ असे प्रसंग दाखवूच नयेत असा नाही. १७३५ च्या गोष्टीत भगत नसणे हे खोटेच होईल. प्रश्न परिणामाचा आहे. पहिल्या आराखड्यात धुरीनंतर सगुणेच्या तोंडून सोमा बोलतो, म्हणजे उपाय लागू पडतो. दुरुस्त आराखड्यात तिला ठसका लागतो, डोळे सुजतात, श्वास कोंडतो, आणि धाकोजी स्वतःच दार लाथेने उघडून तिला बाहेर काढतो. त्यानेच भगताला बोलावले होते, त्यालाच ते बघवत नाही. वैरी माणसाचे प्रेम दिसण्याची ही बारा भागांतली एकमेव जागा आहे आणि तिच्यासाठी हा प्रसंग ठेवण्यासारखा आहे. विधीची कृती, सामग्री, मंत्र, क्रम यांतले काही दाखवू नये. बंद दार, धूर, खोकला आणि बाहेर उभ्या बायका पुरतात. कोंबडा कापण्याचा शॉट आराखड्यात असतोच, तो काढावा. जिवंत प्राणी चित्रीकरणात आणायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही.

भागाच्या सुरुवातीला पांढऱ्या अक्षरांत येणारी सूचना ठेवावीच, पण तिच्यावर विसंबू नये. ती पाच सेकंदांची असते, प्रसंग पाच मिनिटांचा असतो.

फ्रेममध्ये काय नको

किनाऱ्यावरची सुरूची बने १९व्या शतकात लावायला सुरुवात झाली, म्हणून १७३५ मध्ये सुरू नको. माड, उंडी, केवडा चालेल. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा, म्हणून घरांवर गवताचे किंवा झापांचे शाकार, फार तर नळीची कौले. देवगडच्या हापूसच्या रांगेत लावलेल्या बागाही टाळाव्यात. वेळ मोजायची तर घटका आणि प्रहर. बोली सगळ्यांना गडद मालवणी दिली तर विदर्भ-खानदेशातला प्रेक्षक तुटतो. गावकऱ्यांना हलका हेल आणि ठरावीक क्रियापदे द्यावीत, किल्ल्यावरच्या कारकुनाला दस्तक, रवाना, तैनात अशी दरबारी भाषा. रायाजी उत्तरेकडचा, त्याचा हेल वेगळा हवा. धाकोजी त्यावरून त्याला हिणवतो, ते फुकट मिळालेले भांडण आहे.

आगरी-कोळी भागातली गाणी आणि देवऋषीपण विजयदुर्गात आणू नये, तसेच तरंग (देवाचे सजवलेले खांब) आणि गाऱ्हाणी अलिबागेत नेऊ नयेत. संपूर्ण कोकण एकच मानण्याची सवय मालिकांनी लावली आहे आणि तिथल्या माणसांना ती खुपते.

विजयदुर्ग हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या मराठा लष्करी भूदृश्यांपैकी एक आहे. चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी बरीच आधी मागावी. तटाला खिळा, रंग, धूर काही लागता कामा नये. व्यवहारात किल्ला दुरून आणि पाण्यावरून घ्यावा, गाव आणि देऊळ सेटवर उभारावे.

शेवटचे तीन भाग

कौलाचा डाव उघडा पडल्यावर दहाव्या भागात रायाजी साक्ष देतो. सोमा कसा बुडाला, दोर कुठे तुटला, गलबत का वळले नाही, सगळे. ही साक्ष खरी मानायची की नाही, हे ठरवणारा एकच माणूस आहे: धाकोजी. कारण पालाशविधीत अग्नी त्यानेच द्यायचा आहे. अकरावा भाग पूर्ण त्याचा. तो ३६० देठ मोजत बसतो, हात थांबतो, पुन्हा मोजतो. प्रतिमेला अग्नी देणे म्हणजे भाऊ मेला हे मान्य करणे, रायाजी खरे बोलला हे मान्य करणे आणि सगुणेवरचा हक्क सोडणे. संवाद जवळपास नकोत. इथे वाहिनीकडून परतणाऱ्या सोमाची मागणी पुन्हा येईल. ती मान्य केली तर डावा कौल खरा ठरतो, हे तोंडी न सांगता लेखी द्यावे, नियम ६ च्या उल्लेखासह.

बाराव्या भागात पाट. तो रात्री, मोजक्या माणसांत, गाजावाजा न करता लागायचा. लग्नाच्या आठवड्याची सवय असलेल्या वाहिनीला हे रुचत नाही, पण मांडव, वाजंत्री आणि हळदीची तीन गाणी घातली तर पाट ही चालच कळेनाशी होते. मचवा कुणाकडे गेला, हेही याच भागात सांगून टाकावे: अर्धा वाटा धाकोजीचा. प्रेक्षक हा हिशोब विसरत नाही.

प्रोमोचे काम संकलकावर सोडू नये. बारा भाग नीट लिहून प्रोमोत पडणारी पाकळी, कडाडणारी वीज आणि ‘देवाचा कौल खोटा ठरेल का?’ असा भारदस्त आवाज आला की सगळी मेहनत तीस सेकंदांत वाया जाते, आणि तक्रारही बहुधा प्रोमोवरच येते. या ट्रॅकच्या प्रोमोसाठी तीन शॉट लेखकांनीच काढून द्यावेत: मूर्तीच्या खांद्यावर तेल घालणारा पोराचा हात, निळ्या पाण्यातला लहान-मोठा डाग, आणि देठ मोजणारा धाकोजी. पाटानंतरच्या सोमवारी मालिका डिसेंबर १७३५ मध्ये शिरते. संभाजीच्या आरमाराने इंग्रजांचे डर्बी हे जहाज त्या महिनाअखेरीला पकडले. रायाजी तांडेल म्हणून आणि धाकोजी गोलंदाज म्हणून एकाच गुराबेवर (लढाऊ गलबतावर) चढतात, तिथून पुढचा ट्रॅक सुरू होतो.